मूकपटाची साथ कशी करायची?

फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांचा 'नेपोलियन' हा १९२७चा मूकपट. जुने चित्रपट जपणाऱ्या फ्रेंच सिनेमाथेक या संस्थेसाठी जॉर्ज मूरिये यांनी पंधरा वर्षांहून जास्त काळ खपून त्याची सुमारे सात तासांची प्रत जुळवली. जुलै २०२४मध्ये पॅरिसलगतच्या एका सभागृहात ती दोन संध्याकाळी विभागून, पडद्यासमोर वाद्यवृंद बसवून दाखवली गेली. या प्रतीसाठी सिमों क्लोके-लाफोली यांनी वेगवेगळ्या काळातल्या शास्त्रीय रचना निवडून त्यांचं सलग संगीत बांधलं. तेव्हापासून मूकपटाच्या चाहत्यांत एक वाद धुमसतो आहे. काहींना वाटतं, कार्ल डेव्हिस यांनी १९८०मध्ये याच चित्रपटाला दिलेलं संगीत लोकांच्या कानात इतकं रुजलेलं असताना ते बाजूला का सारलं? काहींना आर्थर ओनेगेर यांनी १९२७मध्ये लिहिलेलं 'मूळ' संगीतच हवं आहे. आणि काही म्हणतात, शंभरीला टेकलेल्या चित्रपटाला शंभर वर्षांपूर्वीचेच सूर कशाला, आजचा रचनाकार आणा, आजचं काहीतरी ऐकू द्या.

हा वाद चुकीच्या जागी घातला जातो आहे. तिन्ही बाजू संगीताचं वय मोजतात. मूळ की मागाहूनचं, जुनं की आजचं, नव्यानं रचलेलं की जुळवलेलं, एवढ्यावरच चर्चा फिरत राहते आणि समोर चाललेल्या चित्रपटाकडे कुणाचं लक्षच राहत नाही. मूकपटाला संगीत निवडणं म्हणजे त्या चित्रपटाच्या संकलनाला दुसऱ्यांदा बसणं आहे. कुठे डोळा थांबेल, कोणता चेहरा लक्षात राहील, गर्दीची भीती वाटेल की अभिमान वाटेल, दृश्य लांबलं असं वाटेल की चटकन संपलं असं, हे सगळं संगीत ठरवतं, आणि तेही प्रेक्षकाच्या नकळत. म्हणून मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते. या संगीतानं आपली लय चित्रपटाकडून घेतली आहे, की चित्रपटाला आपल्या लयीत ओढलं आहे? आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत 'साथ' हा शब्द आहे, तो इथे नेमका लागू पडतो. साथ करणारा गप्प बसत नाही, मुजरा करत मागे मागेही राहत नाही. पण सम कुठे आहे, हे तो गाणाऱ्याकडून घेतो.

'मूळ' संगीताचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू हलकी नाही. ती सर्वांत भक्कम उभी राहते ती फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस'जवळ. १९२७च्या जानेवारीत बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी त्याच्यासाठीच लिहिलेलं संगीत वाजलं. नंतर वितरकांनी चित्रपट कापला आणि कापलेला भाग नाहीसा झाला. २००८मध्ये ब्वेनोस आयरिसला जवळजवळ पूर्ण अशी एक १६ मिलिमीटरची प्रत हाती लागली. पण कोणतं दृश्य कुठे बसतं, किती वेळ चालतं, हे ताडून पाहायला सर्वांत विश्वासू कागद ठरला तो हुपर्ट्झ यांच्या संगीताचा. पडद्यावर काय घडत असताना कोणता स्वर यायचा, याच्या हजाराहून अधिक खुणा त्यात आहेत. चित्रपटाचा हरवलेला देह त्याच्या संगीतानं असा जपून ठेवला. अशा ठिकाणी मूळ संगीत बाजूला सारून दुसरं वाजवायचं तर त्याला फार मोठं कारण हवं. चार्ली चॅप्लिन यांनी 'सिटी लाइट्स'साठी स्वतः बांधलेल्या संगीताबद्दलही हेच म्हणावं लागेल. तिथे दिग्दर्शकाला काय ऐकू यायला हवं होतं, यात शंकाच उरत नाही.

पण ही उदाहरणं नियम नाहीत, अपवाद आहेत. मूकपटाच्या काळात 'मूळ संगीत' ही वस्तू बहुतेक चित्रपटांना नव्हतीच. सां-साँस यांनी १९०८मध्ये 'ड्यूक ऑफ गीझची हत्या' या फ्रेंच चित्रपटासाठी स्वतंत्र रचना केली ती आजही लक्षात ठेवली जाते, कारण तसं घडणं दुर्मीळ होतं. बाकी काम चालायचं ते साठ्यावर. जर्मनीत ज्युझेप्पे बेच्चे यांनी १९१९पासून प्रसंगानुसार वाजवायच्या तुकड्यांचे संग्रह काढायला सुरुवात केली. अमेरिकेत एर्नो रापे यांनी १९२४मध्ये पियानो आणि ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी तसंच जाडजूड पुस्तक छापलं. पानाच्या कडेला विषयांची यादी असे, आणि वाजवणारा एका हाताने पान उलटत पाठलागावरून प्रेमावर, प्रेमावरून वादळावर जात असे. राजधानीच्या मोठ्या चित्रपटगृहात साठ-सत्तर वादक, तालुक्याच्या गावी एक पियानो. त्याच आठवड्यात, त्याच चित्रपटाला. मग यातलं मूळ कोणतं?

'नेपोलियन'चंच बघा. ७ एप्रिल १९२७ला पॅरिसच्या ऑपेरात तो दाखवला गेला तेव्हाची प्रत सुमारे चार तासांची होती. त्यानंतर महिन्याभरात पॅरिसमध्येच नऊ तासांच्या आसपासची प्रत दाखवली गेली. ओनेगेर यांनी लिहिलेलं जे उरलं आहे ते थोडे तुकडे आहेत. सुंदर आहेत, पण सात तासांच्या चित्रपटाला ते पुरणार कसे? म्हणजे 'मूळ वाजवा' म्हणणाऱ्यांनाही मधल्या तासन्‌तासांसाठी कुणाला तरी निवड करायला बसवावंच लागेल. निवड टळत नाही, मग निवडीच्या कसोटीबद्दल बोलण्याऐवजी मूळ या शब्दामागे का दडायचं?

शिवाय मूळ संगीत हाती असूनही सगळं फिसकटू शकतं. दिमित्री शोस्ताकोविच तरुणपणी लेनिनग्राडच्या चित्रपटगृहांत पियानो वाजवून पोट भरायचे. पडद्याकडे बघत बोटं चालवण्याचा त्यांना जितका सराव होता तितका त्या पिढीतल्या फार थोड्या मोठ्या रचनाकारांना असेल. पॅरिस कम्यूनवरच्या, म्हणजे १८७१मधल्या पॅरिसच्या उठावावरच्या 'न्यू बॅबिलोन' या चित्रपटाला त्यांनी १९२९मध्ये संगीत दिलं. संगीत लिहून झाल्यावर चित्रपटात कापाकापी झाली, वादकांच्या हातातल्या प्रतींत चुका राहिल्या, तालमी पुरेशा झाल्या नाहीत, आणि पडदा एकीकडे, वाद्यवृंद दुसरीकडे अशी गत झाली. ते संगीत बरंच नंतर, पुन्हा चित्रपटाशी नीट जुळवून वाजवलं गेलं तेव्हा त्याची किंमत कळली. कागदावरचे स्वर तेच होते. बदललं होतं ते पडद्याशी असलेलं त्यांचं नातं.

मूळपणाच्या आग्रहाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो संगीतशास्त्राचा नाही. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९१५च्या 'द बर्थ ऑफ ए नेशन'ला जोसेफ कार्ल ब्राइल यांनी जुळवलेलं संगीत आपल्याकडे आहे. त्यात कू क्लक्स क्लानचे घोडेस्वार दौडत येतात तेव्हा वाग्नर यांची 'वाल्किरींची दौड' वाजते. काळ्या माणसांवर दहशत बसवणारी टोळी त्या सुरांवर उद्धारक होऊन येते. प्रेक्षागृहातल्या माणसांना खुर्चीतून उठवण्याइतकं ते संगीत प्रभावी होतं, हेच त्याचं पाप आहे. इतिहासाचा कागद म्हणून ते जपलंच पाहिजे, अभ्यासक वर्गात ते वाजवूनही दाखवलं पाहिजे. पण आज एखाद्या सभागृहात ऐंशी वादक बसवून, 'हे मूळ आहे' एवढ्या एका वाक्याच्या आधारावर ते पुन्हा पूर्ण ताकदीनिशी वाजवायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. डीजे स्पूकी यांनी २००४मध्ये याच चित्रपटाची दृश्यं घेऊन 'रीबर्थ ऑफ ए नेशन' हा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी संगीत वापरलं ते त्या दृश्यांवरचा विश्वास उडवण्यासाठी. ग्रिफिथ यांचा चित्रपट कसा खोटं बोलतो, हे त्यातून अधिक स्पष्ट ऐकू येतं.

इथपर्यंत वाचून 'आजचं संगीत द्या' म्हणणारे मान डोलावतील. त्यांच्याही बाजूला वजन आहे. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांना आपल्या 'बॅटलशिप पोटेम्किन'ला दर पिढीनं नवं संगीत द्यावं असं वाटायचं, असं नेहमी सांगितलं जातं. १९२६मध्ये बर्लिनला एडमुंड मायझेल यांनी त्याच्यासाठी घाईघाईत, जेमतेम दोन आठवड्यांत जे संगीत लिहिलं तेही त्या क्षणाला अगदी आजचं, यंत्रासारखं धडधडणारं होतं. शेवटच्या रिळात युद्धनौका एकमेकींसमोर येतात तिथे आयझेनस्टाइन यांना सुरावट नको होती, निव्वळ ठेका हवा होता, आणि मायझेल यांनी तो दिला. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते संगीत परंपरेचं वाटलं नसणारच. पुढे जॉर्जो मोरोडर यांनी १९८४मध्ये 'मेट्रोपोलिस' रंगवून, कापून, त्यावर पॉप गाणी चढवली तेव्हा जाणकारांनी कपाळाला हात लावला. पण कितीतरी तरुणांनी आयुष्यातला पहिला मूकपट पाहिला तो त्यामुळे, हे नाकारता येत नाही. जो चित्रपट कुणी पाहतच नाही त्याचं मूळ संगीत जपून काय करायचं, हा प्रश्न कडू आहे, पण खरा आहे.

तरीही या बाजूचं मला पटत नाही, आणि ते याच कसोटीमुळे. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००४मध्ये पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीनं ड्रेस्डनच्या वाद्यवृंदाबरोबर 'पोटेम्किन' सादर केला. हजारो लोक जमले, आणि त्यातले बरेच कुणाचं नाव ऐकून आले असतील हे सांगायला नको. यात गैर काही नाही. पण जाहिरातीत संगीतकाराचं नाव मोठं झालं की कार्यक्रमाचं केंद्र सरकायला लागतं, आणि ते सरकलं की रचनाकारही नकळत मैफलीसाठी लिहायला लागतो. आठ मिनिटांचा तुकडा छान जमला आहे, आणि दृश्य सहा मिनिटांत संपतं. काय करायचं? चित्रपटाची लय मानणारा रचनाकार आपला तुकडा कापतो. मैफलीची लय मानणारा तो तुकडा पुढच्या दृश्यावर वाहू देतो, आणि मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आधीच्या मिरवणुकीचा ताल वाजत राहतो. तबलजीनं ख्यालाच्या मधोमध आपलं एकलवादन सुरू करावं तसं हे आहे. वादन कितीही तयारीचं असो, गाणं मोडतंच. नव्या संगीताच्या समर्थकांनी धाडस, प्रयोग, पिढी हे शब्द बाजूला ठेवून एवढंच सांगावं, की तुमचा तुकडा दृश्याबरोबर संपतो का?

आता 'नेपोलियन'कडे परत येतो, कारण लय म्हणजे काय हे या चित्रपटाच्या इतिहासाइतकं दुसरं काहीच स्पष्ट सांगत नाही. ब्रिटिश चित्रपट-इतिहासकार केविन ब्राउनलो यांनी शाळकरी वयापासून या चित्रपटाचे तुकडे गोळा केले आणि नोव्हेंबर १९८०मध्ये लंडनमध्ये जवळजवळ पाच तासांची प्रत दाखवली गेली. कार्ल डेव्हिस यांनी तिच्यासाठी काही महिन्यांत संगीत उभं केलं आणि वाद्यवृंदाचं संचालनही केलं. दोन महिन्यांनी, जानेवारी १९८१मध्ये, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे कारमाइन कोपोला यांच्या संगीतासह हाच चित्रपट दाखवला. ही प्रत चार तासांची होती. चित्रपट कापलेला तर होताच, शिवाय तो वेगानं फिरवलेला होता. लंडनला सेकंदाला २० फ्रेम, न्यूयॉर्कला २४. हा फरक यंत्र चालवणाऱ्याच्या खोलीतला वाटतो, पण हिशेब करून बघा. २० फ्रेमनं एक मिनिट चालणारं दृश्य २४ फ्रेमनं पन्नास सेकंदांत उरकतं. माणूस वळतो, थांबतो, बघतो. त्या थांबण्यातला सहावा हिस्सा गेला. संगीतकार कितीही मोठा असला तरी तो गेलेला हिस्सा परत आणू शकत नाही.

कोपोला यांच्या बाजूनं जे बोलायचं ते मनापासून बोललं पाहिजे. त्या खेळांनी हजारोंच्या सभागृहात तिकिटं संपवली आणि मूकपट वाद्यवृंदासह बघण्याची आवड एका अख्ख्या देशात जागी केली. नव्वदी ओलांडलेले गान्स पॅरिसमध्ये होते, त्यांना त्या रात्रीच्या टाळ्या टेलिफोनवरून ऐकवल्या गेल्या, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. आयुष्यभर ज्याचे लचके तोडले गेले त्या चित्रपटाला मिळालेली ती दाद त्यांच्या कानावर पडली, हे ऋण फार मोठं आहे. पण त्याच प्रतीच्या हक्कांवरून पुढे जे झालं ते दुःखद आहे. ब्राउनलो आणि डेव्हिस यांची प्रत अमेरिकेतल्या प्रेक्षकांना पूर्ण पाहायला मिळाली ती थेट २०१२मध्ये, ओकलंडमध्ये. एका संगीताला चित्रपटाची मालकी मिळाली की असं होतं. म्हणूनच, डेव्हिस यांच्या संगीतावर माझं प्रेम असूनही, 'आता हेच एक' ही मागणी मला मान्य नाही.

प्रेम कशासाठी, ते सांगतो. डेव्हिस यांनी जागोजागी बेटहोवेन यांच्या तिसऱ्या सिंफनीचा, 'एरोइका'चा आधार घेतला. वरवर पाहता ही सोपी निवड. नेपोलियन म्हटल्यावर एरोइका कुणालाही सुचेल. पण ती सिंफनी कधीची, हे आठवा. बेटहोवेन यांनी ती बोनापार्टचं नाव मनात धरून लिहिली, आणि १८०४मध्ये त्यानं स्वतःला सम्राट घोषित केल्याचं कळताच मुखपृष्ठावरचं ते नाव इतक्या त्वेषानं खरवडलं की कागदाला भोक पडलं. ती प्रत आजही व्हिएन्नात आहे. गान्स यांचा चित्रपट संपतो १७९६मध्ये, इटलीच्या स्वारीच्या उंबरठ्यावर. म्हणजे पडद्यावर आहे तो अजून नाव खरवडलं जाण्यापूर्वीचा बोनापार्ट, क्रांतीचा सैनिक. पण ऐकणाऱ्याला पुढचं माहीत आहे. त्या सुरांत आशाही आहे आणि भोकही आहे. चित्रपट जे बोलत नाही ते संगीत इथे बोलतं, आणि त्यासाठी चित्रपटाच्या एकाही फ्रेमला धक्का लावत नाही. जुळवलेलं संगीत दुय्यम असतं असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि मार्सेयेझचं, म्हणजे पुढे फ्रान्सचं राष्ट्रगीत झालेल्या गाण्याचं दृश्य. आवाज पूर्ण बंद करून मी ते कितीतरी वेळा पाहिलं आहे. क्रांतिकारकांच्या कॉर्दलिए क्लबची उंच, धुरकट जागा, वरून उतरणारा उजेड, खाली दाटलेली माणसं. रूजे द लील नावाचा तरुण अधिकारी नवं गाणं शिकवायला उभा राहतो. छापलेले कागद गर्दीत हातोहात वाटले जातात. आधी कागदावर खिळलेले डोळे, पुटपुटणारे ओठ, कुणीतरी चुकतं, शेजारी बघतं. मग ओठ एकत्र हलू लागतात. मग कागद खाली जातात आणि माना वर येतात. आवाज बंद असूनही गाणं ऐकू येतं, इतकं ते दृश्य लयीत कापलेलं आहे. इथे संगीतकाराला मोकळीक जवळजवळ नाही. कोणतं गाणं वाजवायचं ते गान्स यांनी ठरवलं आहे, कोणत्या क्षणी ते अडखळायचं आणि कोणत्या क्षणी ते सगळ्यांचं व्हायचं हेही त्यांनीच ठरवलं आहे. पहिल्याच ओळीला सगळा ब्रास विभाग, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, तुटून पडला तर तो वाद्यवृंद चित्रपट बघत नाही, असंच मी म्हणेन. त्या माणसांना अजून गाणं येतच नाही! ती ते शिकत आहेत. शिकण्याची ती दोन-तीन मिनिटं हीच त्या दृश्याची सगळी कमाई आहे. वाद्यवृंदानंही त्यांच्याबरोबर शिकायला हवं, चाचपडत, एकेक वाद्य वाढवत.

ओळखीच्या संगीताबद्दल मात्र एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक प्रसिद्ध रचना आपलं बिऱ्हाड बरोबर घेऊन येते. 'पोटेम्किन'च्या सोव्हिएत काळातल्या एका पुनरुज्जीवित प्रतीला, १९७६मध्ये, शोस्ताकोविच यांच्या सिंफनींचे भाग लावले गेले. त्यांची अकरावी सिंफनीही या चित्रपटासारखी १९०५च्या क्रांतीवरचीच आहे, म्हणजे विषयाचं नातं अगदी रक्ताचं. पण सिंफनीच्या भागाला स्वतःचा चढ असतो, स्वतःचं शिखर असतं, आणि ते ओडेसाच्या पायऱ्यांवर सैनिक जमावावर गोळ्या झाडतात त्या दृश्याच्या शिखराशी आपोआप जुळणार नाही. विषय जुळला म्हणून लय जुळत नाही. कार्ल ड्रायर यांच्या 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'वर १९५०च्या दशकाच्या आरंभी बाख, विवाल्दी, अल्बिनोनी यांचं संगीत चढवलेली प्रत निघाली, आणि ड्रायर स्वतः तिच्यावर नाराज होते. बाखमध्ये उणं काय काढणार? पण त्या चित्रपटात एका मुलीचा चेहरा, तिचे सुकलेले ओठ, गालावरून उतरणारा अश्रू एवढंच पडदाभर असतं. त्यावर अठराव्या शतकातलं सजवलेलं, सुडौल संगीत ओतलं की तो चेहरा देवळातल्या चित्रासारखा लांब जातो. क्लोके-लाफोली यांच्या निवडीचं मोजमाप करायचं तर या मापानं करावं. कुठे त्यांचा तुकडा दृश्यात मुरतो, कुठे तो स्वतःचं नाव सांगत उभा राहतो, यावर दृश्यागणिक बोललं गेलं तर चर्चेला अर्थ येईल.

महाकाय चित्रपटाला महाकाय वाद्यवृंदच हवा, ही समजूतही तपासून पाहावी. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचे दोन मूकपट यासाठी शेजारी ठेवण्यासारखे आहेत. महाभारतातल्या द्यूतावर बेतलेला 'प्रपंच पाश', १९२९चा, त्यात राजस्थानातले राजवाडे, हत्ती, अफाट जमाव. त्याला नितीन साहनी यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी संगीत दिलं आणि २००७मध्ये तो ट्रफाल्गर चौकात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह दाखवला गेला. ताजमहालाच्या कल्पित कथेवरचा 'शिराज', १९२८चा, त्याला अनुष्का शंकर यांनी २०१७मध्ये संगीत दिलं ते सतारीसह भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांच्या छोट्या संचासाठी. दृश्यांचा पसारा दोन्हीकडे मोठा आहे. पण भव्यता पडद्यावर असताना तीच कानांतही ओतली तर एक दुसरीला खाऊन टाकते. 'शिराज'मध्ये एकटी सतार विस्तीर्ण वाळवंटावर वाजते तेव्हा ते वाळवंट आणखी विस्तीर्ण होतं. या चित्रपटांना सिंफनी वाद्यवृंद परकाच, असंही कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. जर्मन दिग्दर्शक, भारतीय निर्माता, भारतीय कथा अशी त्यांची घडणच मिश्र आहे. व्हायोलिन की सारंगी यावर भांडण्यापेक्षा फासे पडतात त्या क्षणी कोण थांबतं, हे ऐकावं.

थांबणं म्हणताना वादकांचाही विचार व्हायला हवा, जो या वादात कुणीच करत नाही. तुतारीसारखी वाद्यं ओठांवर वाजतात, आणि ओठ हा स्नायू आहे. तासाभराच्या सिंफनीत ट्रम्पेटवाला अर्धा वेळ मोजत बसलेला असतो. पाच-सात तासांच्या चित्रपटात त्याला सतत वाजवायला लावलं तर तिसऱ्या तासाला सूर उतरायला लागतो. व्हायोलिनवाल्यांची मान आणि खांदा भरून येतात. म्हणून शहाणा रचनाकार विश्रांती संगीतातच लिहितो. एक बासरी, एक क्लॅरिनेट, कधी नुसता पियानो, आणि बाकीचे साठजण मांडीवर वाद्य ठेवून पडद्याकडे बघत आहेत. कोपोलांच्या खेळांत काही भागांना ऑर्गनची साथ होती, ती सोय मला मुळीच कमीपणाची वाटत नाही. संचालकाचंही तसंच. आता त्याच्यापुढे छोटा पडदा असतो, त्यावर चित्राबरोबर सरकणाऱ्या रेषा आणि ठरल्या ठोक्याला चमकणारे ठिपके असतात. काही ठिकाणी वादकांच्या कानात ठोकेही सोडले जातात. चूक टळते हे खरं. पण कानात ठोका बसला की सगळे ठोक्याची वाट बघतात, चेहऱ्याची नाही. ज्याला चित्रपट पाठ आहे असा संचालक मधल्या वेळात लय किंचित सैल सोडतो, पुढच्या वळणापूर्वी पुन्हा आवळतो, आणि दार उघडतं त्या क्षणी नेमका तिथे असतो. लाइव्ह वाद्यवृंदावर इतका खर्च करायचा तो याच्यासाठी, नाहीतर ध्वनिमुद्रण काय वाईट आहे?

मूकपट मुळी नि:शब्दच बघावा असं मानणारेही आहेत. फ्रेंच सिनेमाथेकचे एक संस्थापक आंरी लांग्लुआ यांच्या काळात तिथे कित्येक मूकपट संगीताशिवाय दाखवले जात, आणि त्या अंधारात चित्र बघायला शिकलेली दिग्दर्शकांची एक पिढी निघाली. अभ्यासासाठी मीही तसंच बघतो. पण भरलेल्या सभागृहात तासन्‌तास चालणाऱ्या महापटाला ते लागू करता येणार नाही, कारण तो घडवणाऱ्यांनी वाद्यवृंद गृहीत धरून घडवला होता. या मंडळींकडून घ्यायची ती दुसरी गोष्ट, संगीताच्या आत शांतता ठेवण्याची. बोनापार्ट तिरंग्याचं शीड करून छोट्या होडीतून वादळात लोटला जातो, आणि त्याच वेळी पॅरिसच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे क्रांतिकाळातल्या लोकप्रतिनिधींच्या सभेत, माणसांचं वादळ उठलेलं असतं, कॅमेरा लंबकासारखा त्यांच्यावरून झुलतो. ते झुलणं इतकं जोरकस आहे की तिथे ढोल बडवायचा मोह कुणालाही व्हावा. तरी एका झोक्यापुरता सगळा वाद्यवृंद थांबला तर काय होईल, हे ऐकायला मी कितीही लांब जाईन.

आयोजकांनी एवढं तरी करावं. पत्रिकेवर संगीतकाराच्या नावाबरोबर प्रत कोणती, किती मिनिटांची, सेकंदाला किती फ्रेमनं दाखवणार आणि संगीत कुणी कशावरून निवडलं, हे छापावं. 'मूळ संगीतासह' असा शिक्का मारायचा असेल तर त्यातलं किती मूळ आहे तेही सांगावं. आणि प्रेक्षक म्हणून आपण खेळ संपल्यावर 'संगीत काय जबरदस्त होतं' म्हणण्याआधी, कोणतं दृश्य त्यामुळे दिसलं, हे एकमेकांना विचारावं.

'नेपोलियन'च्या शेवटी मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन पडदे उघडतात आणि सैन्य इटलीत उतरतं. चित्र एकदम तिप्पट रुंद होतं, मग तीन पडद्यांवर तीन वेगळी चित्रं, मग निळा, पांढरा, तांबडा. या क्षणासाठी गान्स यांनी प्रेक्षकाला कित्येक तास एकाच पडद्यावर बसवून ठेवलेलं असतं. त्यांच्याकडे तिप्पट पडदा आहे. वाद्यवृंदाकडे तितकेच वादक आहेत, आणि ते थकलेले आहेत. ज्या संगीतकारानं तोवरच्या प्रत्येक लढाईत सगळा साठा उधळला आहे, त्याच्याकडे आता देण्यासारखं काही उरलेलं नसतं. ज्यानं पहिल्या रिळातल्या बर्फाच्या गोळ्यांच्या लढाईतच हात आवरून घेतला होता, मार्सेयेझलाही शेवटचा आवाज दिला नव्हता, त्याचे ट्रम्पेटवाले आता पहिल्यांदा उभे राहतात.